मालदीव : कमरेइतक्या उंचीचा देश

नकाशात केरळच्या किनाऱ्यापासून नैर्ऋत्येला बोट सरकवत गेलं की आधी लक्षद्वीप लागतं आणि त्याच्या खाली ठिपक्यांची एक लांबलचक माळ दिसते. हा मालदीव. सुमारे बाराशे बेटं, त्यांतल्या दोनशेच्या आतबाहेर बेटांवर वस्ती आणि २०२२ च्या जनगणनेनुसार पाच लाख पंधरा हजार लोकसंख्या. उत्तर-दक्षिण लांबी साडेआठशे किलोमीटरच्या आसपास, पण सगळी जमीन एकत्र केली तरी जेमतेम तीनशे चौरस किलोमीटर भरते. आपल्याकडचा एखादा लहानसा तालुकाही याहून मोठा असतो. त्या जमिनीपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग समुद्रसपाटीपासून एक मीटरपेक्षा कमी उंचीवर आहे. म्हणजे माणूस किनाऱ्यावर उभा राहिला तर त्याच्या कमरेइतकी उंची. सगळा देश एवढाच उंच.

आपल्या घरांत मालदीवचं नाव निघतं ते मधुचंद्राच्या पॅकेजमुळे, निळं पाणी आणि पाण्यावरच्या खोल्यांच्या फोटोंमुळे. आमचं जाणं मात्र वेगळ्या कारणाने झालं. बीएडला माझ्या वर्गात असलेली एक मैत्रीण काही वर्षांपासून तिथल्या एका शाळेत गणित शिकवते. मालदीवच्या शाळांत भारतीय शिक्षक पुष्कळ आहेत आणि दूरच्या बेटांवरही ते भेटतात. ती दरवर्षी बोलवायची. शेवटी एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं नवरा-बायको निघालो. मुंबईहून विमानाने तीन तासांच्या आत माले. भारतीयांना व्हिसा तिथे उतरल्यावरच मिळतो. विमानतळाचं एक वेगळं बेटच आहे. उतरताना खिडकीतून दोन्ही बाजूंना फक्त पाणी दिसतं आणि धावपट्टी दिसेपर्यंत पोटात गोळा येतो.

माले शहर बघून आमच्या ह्यांना पहिल्यांदा मोहम्मद अली रोड आठवला. चिंचोळ्या गल्ल्या, उंच इमारती, मोटारसायकलींची गर्दी, अजान झाली की खाली येणारी शटरं. देशातले चाळीस टक्क्यांहून अधिक लोक या राजधानीच्या परिसरात राहतात. दुकानांच्या पाट्या उजवीकडून डावीकडे लिहिलेल्या, त्यामुळे उर्दू वाचणाऱ्या माझ्या डोळ्यांना आधी ओळखीच्या वाटल्या, पण एक अक्षर लागेना. ती थाना लिपी. तिची पहिली नऊ अक्षरं अरबी अंकांवरून घेतलेली आहेत आणि पुढची नऊ तिथल्या जुन्या अंकांवरून. आकड्यांची अक्षरं करणारी लिपी मी प्रथमच पाहिली. भाषा धिवेही. आपल्या लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावरही हीच भाषा बोलतात.

मालदीवने इस्लाम स्वीकारला तो ११५३ साली. त्यानंतर दोनशे वर्षांच्या आत इब्न बतूता इथे आला आणि दीडेक वर्ष काझी म्हणून राहिला. इथले लोक माशांवर, नारळावर, काथ्यावर आणि कवड्यांच्या व्यापारावर कसे जगतात, हे त्याने नोंदवून ठेवलं. मालेतली हुकुरू मिस्की, म्हणजे जुनी जुमा मशीद, १६५८ सालची आहे. तिच्या भिंती प्रवाळाच्या दगडांच्या आहेत. प्रवाळ समुद्रातून काढतात तेव्हा मऊ असतो, तेव्हाच त्याला आकार द्यायचा. वाळला की तो घट्ट होतो. असे घडवलेले दगड एकमेकांत खाचा करून बसवलेले, मध्ये चुना नाही. आवारातल्या कबरींचे दगडही प्रवाळाचे. पुरुषांच्या कबरीवरचा दगड वर टोकदार, बायकांचा गोल. साडेतीनशेहून अधिक पावसाळे या भिंतींनी पाहिले आहेत.

ही मशीद पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ज्या प्रवाळाची ही भिंत आहे, तोच प्रवाळ पाण्याखाली या देशाची खरी भिंत आहे. बेटाभोवती प्रवाळाची कड असते. लाट आधी तिच्यावर आपटून फुटते आणि किनाऱ्याला पोहोचते ती दमलेली लाट. एखाद-दुसऱ्या मशिदीपुरता प्रवाळ काढला तर समुद्राला कळतही नाही. पण गेल्या शतकात वस्ती वाढली, बांधकामं वाढली आणि घरं, धक्के, भराव यांसाठी प्रवाळ वारेमाप काढला गेला. मालेच्या भोवतीची उथळ जागा भरून शहर वाढवलं. एप्रिल १९८७ मध्ये दूरवरच्या वादळाने उठलेल्या मोठ्या लाटा आल्या आणि नव्याने भरलेली जमीन धुऊन गेली. राजधानीत पाणी शिरलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गय्यूम यांनी संयुक्त राष्ट्रसंघात जाऊन सांगितलं की समुद्र असाच वर येत राहिला तर आमचं राष्ट्रच मरून जाईल. हवामानबदल हा शब्द तेव्हा वर्तमानपत्रांतही फारसा येत नव्हता.

त्या लाटांनंतर जपानच्या मदतीने मालेभोवती समुद्रभिंत उभारली गेली. काम २००२ पर्यंत चाललं. आजही शहराच्या कडेने चालताना काँक्रीटचे चार पायांचे मोठे ठोकळे एकमेकांत अडकवून ठेवलेले दिसतात. मुंबईत मरीन ड्राइव्हला ज्यांवर लोक बसतात, तसेच. भिंत पूर्ण होऊन दोन वर्षं झाली आणि २६ डिसेंबर २००४ चा रविवार उजाडला.

त्सुनामी सुमात्राहून निघून काही तासांत इथे पोहोचली. तेव्हा हिंदी महासागरात इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. मालेचा काही भाग पाण्याखाली गेला, पण भिंतीने मोठा मार झेलला. ज्या बेटांना भिंत नव्हती, तिथे पाणी एका बाजूने चढलं आणि दुसऱ्या बाजूने उतरलं. ८२ माणसं गेली, २६ बेपत्ता झाली. हा आकडा इंडोनेशिया किंवा तमिळनाडूच्या मानाने लहान वाटेल. पण नुकसान देशाच्या एका वर्षाच्या उत्पन्नाच्या बासष्ट टक्के होतं. बारा महिन्यांच्या पगारातले साडेसात महिन्यांचे पैसे एका सकाळी वाहून जावेत, तसं. पुढे २०११ मध्ये जपानवर त्सुनामी आली तेव्हा मालदीवने टुना माशाचे डबे पाठवले. भिंत बांधून देणाऱ्याचं ऋण लहान देशाने आपल्या परीने फेडलं.

मैत्रिणीचं बेट रा अटोलमध्ये आहे. अटोल म्हणजे गोलाकार मांडलेल्या प्रवाळबेटांचा समूह. जगभर वापरला जाणारा हा शब्द धिवेहीतूनच गेलेला आहे. मालेहून स्पीडबोटीने काही तास लागतात. बेट एवढं की फजरनंतर चालायला निघालं तर उन्हं चढायच्या आत पूर्ण फेरी होते. वाळूचे रस्ते, घरापुढे दोऱ्यांनी विणलेल्या बैठका, प्रत्येक घराच्या कोपऱ्यात पावसाच्या पाण्याची प्लास्टिकची टाकी.

त्याच अटोलमध्ये कंधोलहुधू नावाचं बेट आहे. साडेतीन हजारांवर लोक त्या चिमुकल्या बेटावर दाटीवाटीने राहत होते. भोवतालचा प्रवाळ घरांसाठी काढलेला, त्यामुळे त्सुनामीच्या आधीही मोठ्या भरतीचं पाणी घरात येत असे. त्सुनामीने ते बेट राहण्याजोगं उरलं नाही. सगळं गाव उठलं. आसपासच्या बेटांवर, तात्पुरत्या निवाऱ्यांत चार वर्षं गेली. मग याच अटोलमधल्या धुवाफारू या निर्मनुष्य, झाडीने भरलेल्या बेटावर रेडक्रॉसच्या मदतीने सहाशे घरं, शाळा, रस्ते, सांडपाण्याची व्यवस्था असं अख्खं गाव बांधलं गेलं आणि २००८ च्या अखेरीपासून लोक तिथे राहायला गेले.

एका शनिवारी आम्ही धुवाफारूला गेलो. शुक्रवार-शनिवार तिथे सुट्टी असते. सरळ रेषेतले रस्ते, सारख्या आकाराची घरं. आपल्याकडच्या एखाद्या पुनर्वसन वसाहतीसारखंच वाटलं, फक्त झाडी जास्त. मैत्रिणीच्या ओळखीच्या घरी चहा झाला. घरातली आजी जुन्या बेटाबद्दल बोलत होती, मैत्रीण मला समजावून सांगत होती. नवं घर चांगलं आहे, असं आजी दोनदा म्हणाली. पावसात झोप लागते, मुलांना अंगण मिळालं. मग जुन्या बेटाच्या दिशेने हात करून काहीतरी म्हणाली आणि गप्प झाली. मैत्रीण मला हळूच म्हणाली, “अगं, तिचे आईवडील तिथल्या कब्रस्तानात आहेत. तिथे आता फातिहा पढायलासुद्धा बोट करून जावं लागतं.”

स्थलांतर हा शब्द अहवालांत फार सोपा असतो. त्या बेटावर माणसांसाठी सगळं नव्याने बांधता आलं. पूर्वजांच्या कबरी, मशिदीत आपली ठरलेली जागा, कोणाच्या दारात कोणतं झाड होतं, हे बोटीत घालून नेता येत नाही. तरीही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ते गाव एकत्र गेलं. शेजारी शेजारी राहिले, शाळा तीच राहिली, इमामही आपल्याच माणसांत नमाज पढवू लागले. आपल्याकडे धरणग्रस्तांची गावं चार दिशांना पांगलेली आपण पाहिली आहेत. त्या मानाने हे मोठंच म्हणायचं.

त्सुनामीनंतर सरकारने ‘सुरक्षित बेट’ अशी कल्पना पुढे आणली. काही निवडक बेटं भराव घालून मोठी आणि उंच करायची, किनाऱ्यालगत झाडांचा पट्टा राखायचा आणि सार्वजनिक इमारती अशा बांधायच्या की पाणी आलं तर लोक वरच्या मजल्यावर जातील. लहान बेटांवरच्या लोकांनी हळूहळू तिथे यावं. कागदावर हे शहाणपणाचं आहे. दोनशे बेटांवर दोनशे भिंती, दोनशे दवाखाने बांधायला पैसा कुठून आणायचा? पण शंभर-दोनशे माणसांच्या बेटालाही आपलं बेट सोडवत नाही, आणि भराव घालण्याचा खर्चही अवाढव्य. काही बेटांवर काम झालं, पुष्कळ ठिकाणी अडलं.

राजधानीजवळ मात्र एक नवं शहर खरोखर उभं राहिलं. हुल्हुमाले. १९९७ मध्ये समुद्रतळाची वाळू उपसून उथळ पाण्यात टाकायला सुरुवात झाली. पहिल्या टप्प्यात १८८ हेक्टर जमीन तयार झाली, दुसऱ्यात आणखी २४० हेक्टर. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे दोन मीटर, म्हणजे देशातल्या बहुतेक बेटांच्या दुप्पट. २०१८ पासून पुलाने माले, विमानतळ आणि हुल्हुमाले जोडलेले आहेत. रुंद रस्ते, बागा, सोनेरी घुमटाची मशीद, इमारतींच्या रांगा. संध्याकाळी तिथे फिरताना आपण माणसाने बनवलेल्या जमिनीवर चालतो आहोत हे विसरायला होतं.

पण याच्या दोन बाजू आहेत. दूरच्या बेटांवरची तरुण कुटुंबं मुलांच्या शिक्षणासाठी, दवाखान्यासाठी इथे येतात आणि परत जात नाहीत. बेटं ओस पडतात, म्हणून तिथे सोयी होत नाहीत, म्हणून आणखी लोक निघतात. कोकणातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. दुसरी बाजू पाण्याखालची. वाळू उपसताना उडणारा गाळ प्रवाळावर बसतो आणि तो गुदमरतो. मोठे भराव चालू असताना तिथले पर्यावरणवाले आणि मच्छीमार हाच प्रश्न विचारतात की उद्याची जमीन बनवताना आजची संरक्षक कड मारली तर काय मिळवलं?

प्रवाळाचं आयुष्य आधीच कठीण झालं आहे. पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं की प्रवाळ आपला रंग टाकून पांढराफटक पडतो आणि उष्णता टिकली तर मरतो. मालदीवमध्ये १९९८ आणि २०१६ साली असं मोठ्या प्रमाणावर झालं. जगभरात १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची सरासरी पातळी सुमारे वीस सेंटीमीटर वाढली आणि अलीकडे वाढीचा वेग वर्षाला साडेतीन मिलिमीटरच्या पुढे गेला आहे. मिलिमीटर ऐकून हसू येईल. पण जमीनच एक मीटर असेल, तर भरतीची मोठी लाट आणि वीत-दीड वीत चढलेला समुद्र एकत्र आले की घराचा उंबरठा ओलांडला जातो.

अभ्यासकांनी एक दिलासा देणारी गोष्टही दाखवली आहे. प्रवाळबेटं स्थिर नसतात. लाटा एका बाजूची वाळू नेतात आणि दुसऱ्या बाजूला आणून टाकतात. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो आणि त्याच्या पोटातून पांढरी वाळू बाहेर पडते. पॅसिफिकमधल्या तुवालूची १०१ बेटं तपासली, तर १९७१ ते २०१४ मध्ये तिथली एकूण जमीन सुमारे तीन टक्क्यांनी वाढलेली आढळली. म्हणजे प्रवाळ जिवंत असेल, तर बेट स्वतःला काही प्रमाणात सावरू शकतं. भिंत आणि भराव यांच्या जोडीला प्रवाळ वाचवणं हे म्हणूनच हौसेचं काम राहत नाही. ती घराची डागडुजीच आहे.

खरी टंचाई पाण्याची. बेटाच्या वाळूखाली गोड्या पाण्याचा एक पातळ थर असतो, खाऱ्या पाण्यावर तरंगणारा. जास्त उपसा केला किंवा समुद्र आत शिरला की तो मचूळ होतो. त्सुनामीनंतर अनेक विहिरी खारट झाल्या, म्हणून घरोघरी टाक्या आल्या. कोरडा हंगाम लांबला की टाक्या संपतात आणि बोटीने पाणी आणावं लागतं. राजधानी तर समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या यंत्रांवर जगते. डिसेंबर २०१४ मध्ये त्या कारखान्याला आग लागली आणि एक लाखाहून अधिक लोकांचे नळ एका दिवसात कोरडे पडले. भारताने विमानांतून आणि नौदलाच्या जहाजांतून पाणी पाठवलं. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, ही म्हण तिथे शब्दशः खरी ठरली.

मैत्रिणीच्या शाळेत माझा एक दिवस गेला. त्या दिवशी सराव होता. घंटा वेगळ्या तऱ्हेने वाजली. मोठ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाने बालवर्गातल्या एकेकाचा हात धरला आणि सगळी शाळा जिन्याने वरच्या मजल्यावर गेली. ना ढकलाढकली, ना आरडाओरडा. वर हजेरी घेतली, खाली आली. मैत्रीण म्हणाली, “डोंगर असता तर डोंगराकडे पळा म्हटलं असतं. इथे डोंगर म्हणजे हा जिना.” आज हिंदी महासागरात इशारा यंत्रणा आहे आणि तिच्या केंद्रांपैकी एक आपल्या हैदराबादला आहे. पण हैदराबादहून निघालेला इशारा त्या बालवर्गातल्या मुलापर्यंत पोहोचतो तो शेवटी धरलेल्या हातानेच.

तिथल्या जुन्या कोळ्यांची स्वतःची पंचांगासारखी पद्धत आहे, तिला नकैय म्हणतात. वर्षाचे सत्तावीस भाग, प्रत्येक तेरा-चौदा दिवसांचा. नावं ऐकून मी चमकले. अस्सिदा, केती, रोआनु, अदा, मुला. आपली अश्विनी, कृत्तिका, रोहिणी, आर्द्रा, मूळच! कोणत्या नकैयात वारा कुठून येतो, कधी होडी काढू नये, कधी काय पेरावं, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं गणित. कोकणात आपले आजोबा, मग ते कोणत्याही घरचे असोत, मृग लागला की नांगर काढायचे, तसंच. आता तिथले म्हातारे म्हणतात की वारे नकैयाचं ऐकत नाहीत. हेच वाक्य मी आमच्या गावच्या शेतकऱ्यांकडूनही ऐकलं आहे.

हे सगळं कोणामुळे, हा प्रश्न मालदीवने जगापुढे सतत ठेवला. १९९० मध्ये लहान बेटांच्या देशांनी आपली आघाडी उभी केली. ऑक्टोबर २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी मंत्रिमंडळाची बैठक समुद्राखाली, श्वासनळ्या लावून घेतली. लोक हसले, पण फोटो जगभर छापून आला. जगातल्या धुरात या देशांचा वाटा नगण्य, आणि फटका पहिला त्यांना. २०२२ मध्ये इजिप्तमधल्या परिषदेत नुकसानभरपाईसाठी वेगळा निधी उभारायचं ठरलं, त्यामागे या देशांचा तीस वर्षांचा रेटा होता. निधी ठरणं वेगळं आणि तो भरला जाणं वेगळं.

जायचं की राहायचं, याची उत्तरं प्रत्येकाने वेगळी शोधली आहेत. किरिबातीने २०१४ मध्ये फिजीत जमीन विकत घेतली. तुवालूने २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी करार केला. त्यानुसार दरवर्षी २८० माणसं तिथे राहायला जाऊ शकतात. मालदीवने आतापर्यंत मुख्यतः राहण्याची बाजू धरली आहे. उंच करू, बांधू, रुजवू, पण इथेच. हे धाडस आहे की हट्ट, ते काळ ठरवेल. मला त्यात आपल्या माणसांची ओळखीची जिद्द दिसली. उंट बांधून मग भरवसा ठेवायचा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या लोकांचा भरवसा पाचही वेळच्या नमाजेत दिसतो आणि उंट बांधणं रोज चालू असतं, टाकी धुण्यापासून जिना चढण्यापर्यंत.

आपला किनारा काही वेगळा नाही. जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मुरुड भागातल्या सुपारी-नारळाच्या बागा झोपल्या, कौलं उडाली. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी गेलं. आपल्याकडे तर डोंगर आहेत, उंच जागा आहेत. तरी पुराच्या रात्री मोहल्ल्यातल्या कोणत्या म्हाताऱ्या माणसाला कोण उचलून नेणार, हे किती ठिकाणी आधी ठरलेलं असतं? मशिदीच्या कमिटीकडे बोटीवाल्याचा नंबर असतो का? शाळेत सराव होतो का? जमातीच्या पुढच्या बैठकीत लग्नाच्या हॉलचं भाडं ठरवून झालं की हे तीन प्रश्नही घ्यावेत. फार तर पाऊण तास लागेल.